सिस्को आयओएसचे अद्ययावतीकरण

सिस्को आयओएसचे अद्ययावतीकरण म्हणजे सिस्को सिस्टिम्स या कंपनीच्या राउटरवर चालणाऱ्या आयओएस या संचालन प्रणालीच्या जागी तिची नवी आवृत्ती बसवण्याची प्रक्रिया होय. ‘आयओएस’ हे ‘इंटरनेटवर्क ऑपरेटिंग सिस्टीम’ या नावाचे लघुरूप आहे. ॲपल कंपनीच्या मोबाइल संचासाठी असलेल्या त्याच उच्चाराच्या प्रणालीशी तिचा संबंध नाही. सुरक्षेतील त्रुटी दूर करणे, कार्यातील दोष सुधारणे, नव्या सुविधा मिळवणे आणि नवे हार्डवेअर वापरता येणे ही अद्ययावतीकरणाची प्रमुख कारणे आहेत.

राउटरचे अद्ययावतीकरण संगणकाच्या अद्ययावतीकरणापेक्षा दोन बाबतींत वेगळे ठरते. पहिली बाब म्हणजे, नवी आवृत्ती लागू होण्यासाठी बहुतेक राउटर पुन्हा सुरू करावे लागतात आणि तेवढा वेळ त्यांच्यामागील संपूर्ण जाळ्याचा संपर्क तुटू शकतो. दुसरी बाब म्हणजे, दूरस्थ प्रशासक ज्या जाळ्यातून राउटरपर्यंत पोहोचतो त्या जाळ्याचा तो राउटर स्वतःच एक भाग असतो. अद्ययावतीकरण फसल्यास दुरुस्तीसाठी तेथे पोहोचण्याचा मार्गही बंद होतो. त्यामुळे या प्रक्रियेतील बहुतेक टप्पे नवी आवृत्ती बसवण्याइतकेच जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय राखण्यासाठी योजलेले असतात. दुसरीकडे, हे काम लांबणीवर टाकल्यास जगजाहीर झालेल्या त्रुटी राउटरमध्ये तशाच राहतात आणि त्यांचा गैरफायदा घेतला गेल्याची अनेक उदाहरणे नोंदली गेली आहेत.

या लेखात आयओएसच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. राउटरवर त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.

पार्श्वभूमी

सिस्को सिस्टिम्सची स्थापना लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात केली. दोघेही स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणक विभागांत काम करत होते. कंपनीच्या सुरुवातीच्या राउटरांतील सॉफ्टवेअरचे मूळ स्टॅनफर्डमध्ये विल्यम येगर यांनी लिहिलेल्या राउटर सॉफ्टवेअरमध्ये होते. १९८७ मध्ये विद्यापीठाने त्या सॉफ्टवेअरच्या वापराचा परवाना सिस्कोला दिला. पुढे त्यात अनेक प्रोटोकॉल आणि सुविधा यांची भर पडत गेली व त्यातून आयओएस आकारास आले.

पारंपरिक आयओएसची रचना एकसंध आहे. संपूर्ण प्रणाली एकाच फाइलमध्ये असते. या फाइलला ‘इमेज’ म्हणतात. प्रणालीतील सर्व प्रक्रिया एकाच स्मृती-अवकाशात चालतात आणि त्यांच्यात संरक्षक भिंत नसते. त्यामुळे एका प्रक्रियेतील दोष दुसऱ्या प्रक्रियेची स्मृती बिघडवू शकतो आणि तसे झाल्यास संपूर्ण राउटर पुन्हा सुरू होतो. याच रचनेमुळे प्रणालीचा एखादाच भाग बदलता येत नाही. दोष कितीही लहान असला, तरी पूर्ण इमेज बदलून राउटर पुन्हा सुरू करावा लागतो.

स्मृतीचे प्रकार

आयओएस चालवणाऱ्या राउटरमध्ये सामान्यतः चार प्रकारच्या स्मृती असतात.

* रॉम : यात आरंभीची आज्ञावली आणि ‘रॉममॉन’ नावाची लहानशी देखरेख प्रणाली असते. आयओएस सुरू होऊ शकले नाही, तर राउटर रॉममॉनमध्ये थांबतो.
* फ्लॅश : यात आयओएसची इमेज साठवलेली असते. वीज गेली तरी हा साठा टिकतो.
* एनव्हीरॅम : यात ‘स्टार्टअप कॉन्फिग’, म्हणजे राउटर सुरू होताना वाचले जाणारे कॉन्फिगरेशन आणि ‘कॉन्फिगरेशन रजिस्टर’ ही १६ बिटांची संख्या असते.
* रॅम : येथे आयओएस प्रत्यक्ष चालते. ‘रनिंग कॉन्फिग’, म्हणजे चालू कॉन्फिगरेशन, मार्ग-सारण्या आणि पॅकेट येथेच असतात. राउटर बंद होताच हे सर्व पुसले जाते.

बहुतेक राउटरांत इमेज फ्लॅशमधून रॅममध्ये उलगडली जाते आणि नंतर तिथूनच चालते. त्यामुळे चालू असलेल्या आयओएसला धक्का न लावता फ्लॅशमधील फाइल बदलता येते. १९९० च्या दशकातील २५०० मालिकेत मात्र आयओएस थेट फ्लॅशमधूनच चालत असे. ते चालू असताना फ्लॅशमध्ये काही लिहिता येत नसे. त्या राउटरांवर प्रथम रॉममधील मर्यादित प्रणाली सुरू करावी लागे, त्यानंतर नवी इमेज फ्लॅशमध्ये लिहावी लागे आणि शेवटी राउटर पुन्हा सुरू करावा लागे. फाइल पाठवण्याचा संपूर्ण वेळ अशा राउटरचे मार्गनिश्चितीचे काम बंद राहत असे.

आरंभक्रम

वीज मिळताच राउटर आपल्या हार्डवेअरची तपासणी करतो आणि कॉन्फिगरेशन रजिस्टर वाचतो. या संख्येचा शेवटचा षोडशमान अंक आरंभाची पद्धत ठरवतो. तो ० असल्यास राउटर रॉममॉनमध्ये थांबतो. तो २ ते एफ यांपैकी असल्यास राउटर स्टार्टअप कॉन्फिगमधील ‘बूट सिस्टम’ या आज्ञा क्रमाने वाचतो आणि पहिली जी इमेज उघडता येईल ती सुरू करतो. अशी आज्ञा नसल्यास फ्लॅशमधील पहिली योग्य इमेज वापरली जाते. ०एक्स२१०२ हे बहुतेक मॉडेलांचे नेहमीचे मूल्य आहे. ०एक्स२१४२ हे मूल्य असल्यास राउटर एनव्हीरॅममधील कॉन्फिगरेशन दुर्लक्षून सुरू होतो. विसरलेला पासवर्ड बदलण्यासाठी हे मूल्य वापरतात. ते काम झाल्यावर मूल्य पूर्ववत केले गेले नसेल, तर पुढच्या अद्ययावतीकरणाच्या वेळी राउटर कोऱ्या कॉन्फिगरेशनने सुरू होतो आणि दोष नव्या आवृत्तीचा आहे असा गैरसमज होतो.

आवृत्त्या आणि इमेजची नावे

आयओएसच्या आवृत्तीचा क्रमांक ‘१२.४(२४)टी’ अशा स्वरूपाचा असतो. यात १२.४ हा मुख्य आवृत्तीचा क्रमांक, कंसातील २४ हा त्या आवृत्तीतील सुधारणांचा क्रमांक आणि ‘टी’ हे प्रवाहाचे अक्षर होय. १२.४ पर्यंतच्या काळात मुख्य प्रवाहात केवळ दोषदुरुस्त्या दिल्या जात, तर नव्या सुविधा प्रथम टी प्रवाहात येत. त्यामुळे स्थिरतेला महत्त्व देणाऱ्या संस्था मुख्य प्रवाहावर राहणे पसंत करत. १२.४ नंतर १३ व १४ हे क्रमांक वगळून १५.० ही आवृत्ती देण्यात आली.

इमेजच्या फाइलचे नावही माहितीपूर्ण असते. ‘सी२८००एनएम-ॲडव्हआयपीसर्व्हिसेसके९-एमझेड.१२४-२४.टी.बिन’ या नावातील पहिला भाग राउटरची मालिका दर्शवतो आणि दुसरा भाग सुविधांचा संच दर्शवतो. ‘के९’ म्हणजे त्यात सबळ कूटलेखन आहे. ‘एम’ म्हणजे इमेज रॅममधून चालते आणि ‘झेड’ म्हणजे ती संपीडित आहे. शेवटचा भाग आवृत्तीचा असतो. एका मालिकेसाठी बनलेली इमेज दुसऱ्या मालिकेवर चालत नाही, म्हणून नाव बारकाईने वाचणे ही निवडीची पहिली पायरी मानली जाते.

पूर्वी प्रत्येक सुविधा-संचासाठी वेगळी इमेज असे. १९००, २९०० आणि ३९०० या मालिकांपासून एकच सर्वसमावेशक इमेज देण्याची पद्धत आली आणि त्यातील सुविधा परवान्याद्वारे खुल्या केल्या जाऊ लागल्या. यामुळे इमेज निवडण्यातील चुका कमी झाल्या. मात्र अद्ययावतीकरणानंतर परवाना वैध राहतो की नाही हे तपासण्याचे एक नवे काम वाढले.

पूर्वतयारी

‘शो व्हर्जन’ ही आज्ञा दिल्यावर चालू आवृत्ती, सुरू केलेल्या इमेजचे नाव, राउटर किती काळ चालू आहे, रॅम व फ्लॅशचे आकारमान आणि कॉन्फिगरेशन रजिस्टर ही सर्व माहिती मिळते. अनेक जुन्या मॉडेलांवर रॅमचे आकारमान तिरप्या रेषेने विभागलेल्या दोन संख्यांत दिसते. पहिली संख्या प्रक्रियकासाठीच्या स्मृतीची आणि दुसरी पॅकेटसाठीच्या स्मृतीची असते. एकूण रॅम म्हणजे या दोहोंची बेरीज होय. नव्या इमेजला लागणारी किमान रॅम व फ्लॅश कंपनी प्रत्येक आवृत्तीसोबत जाहीर करते. फ्लॅशमध्ये जागा असूनही रॅम अपुरी असेल, तर इमेज यशस्वीपणे साठवली जाते, पण उलगडताना अपयशी ठरते. हे अपयश राउटर पुन्हा सुरू झाल्यावरच लक्षात येते.

आवृत्तीसोबतच्या टिपणांत ज्ञात दोष, काढून टाकलेल्या आज्ञा आणि बदललेली मूळ मूल्ये दिलेली असतात. नव्या आवृत्तीला न समजणाऱ्या आज्ञा सुरू होताना नाकारल्या जातात व चालू कॉन्फिगरेशनमध्ये येत नाहीत. त्यानंतर कोणी कॉन्फिगरेशन साठवले, तर त्या ओळी स्टार्टअप कॉन्फिगमधूनही नाहीशा होतात आणि जुन्या आवृत्तीकडे परतल्यावरही त्या मिळत नाहीत. अशा वेळी आयओएस, एनव्हीरॅममधील कॉन्फिगरेशन वेगळ्या आवृत्तीने लिहिलेले असल्याचा इशारा देऊन पुष्टी मागते. म्हणून बदलापूर्वी कॉन्फिगरेशनची प्रत राउटरबाहेर दुसऱ्या संगणकावर ठेवतात.

याच वेळी मार्ग-सारणी, शेजारी राउटरांशी असलेली जोडणी, प्रत्येक इंटरफेसची स्थिती आणि नोंदवहीतील अलीकडचे संदेश यांचीही नोंद घेतली जाते. एखादा इंटरफेस आधीपासूनच बंद होता की अद्ययावतीकरणामुळे बंद पडला, हे अशा नोंदीशिवाय नंतर सांगता येत नाही.

राउटरपर्यंत पोहोचण्याचा स्वतंत्र मार्ग हा तयारीचा आणखी एक भाग आहे. कन्सोल पोर्टला जोडलेला टर्मिनल सर्व्हर, मॉडेम किंवा मोबाइल जोडणी यांद्वारे मुख्य जाळे बंद असतानाही रॉममॉनपर्यंत पोहोचता येते. अशी सोय नसल्यास कन्सोल केबल घेऊन राउटरजवळ माणूस असणे आवश्यक ठरते.

प्रक्रिया

फाइल पाठवणे

इमेज राउटरवर पाठवण्याची जुनी व प्रचलित पद्धत म्हणजे टीएफटीपी. या प्रोटोकॉलचे मूळ मानक १९८१ मध्ये आणि सुधारित मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. तो यूडीपीवर चालतो व ६९ क्रमांकाचे पोर्ट वापरतो. तो अत्यंत साधा असल्याने रॉममध्येही मावतो, पण त्यात ओळख पटवण्याची किंवा कूटलेखनाची कोणतीही सोय नाही. मूळ रचनेत माहिती ५१२ बाइटच्या तुकड्यांत जाते आणि तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असतो. त्यामुळे सुमारे ३२ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल या मूळ रचनेत पाठवता येत नाही. तुकड्यांचा आकार वाढवण्याची सोय १९९८ च्या मानकाने दिली. काही सर्व्हर क्रमांक पुन्हा आरंभापासून मोजून ही मर्यादा ओलांडतात. जुन्या टीएफटीपी सर्व्हरवर मोठ्या इमेजचे हस्तांतरण ३२ मेगाबाइटच्या आसपास थांबत असेल, तर हे त्याचे नेहमीचे कारण असते. मोठ्या फाइलसाठी आणि असुरक्षित जाळ्यातून पाठवण्यासाठी एससीपी वापरतात. नव्या राउटरांवर यूएसबी साठवणीतूनही इमेज घेता येते.

‘कॉपी टीएफटीपी: फ्लॅश:’ ही आज्ञा दिल्यावर राउटर सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचे नाव विचारतो. काही जुन्या मॉडेलांवर तो यानंतर फ्लॅश पुसायची का, असेही विचारतो. तेथे नुसती एंटर कळ दाबली, तरी होकार समजला जातो व जुनी इमेज पुसली जाते. त्यानंतर हस्तांतरण अर्धवट तुटले, तर फ्लॅशमध्ये एकही पूर्ण इमेज उरत नाही. अशा स्थितीत राउटर चालू असेपर्यंत रॅममधील जुन्या आयओएसवर काम करत राहतो, परंतु वीज गेल्यास तो पुन्हा सुरू होऊ शकत नाही. फ्लॅशमध्ये दोन इमेजपुरती जागा असल्यास जुनी इमेज राखून ठेवणे हा सर्वमान्य नियम आहे.

पडताळणी

पाठवलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते हे ‘व्हेरिफाय /एमडी५’ या आज्ञेने तपासतात. आज्ञेने काढलेले मूल्य कंपनीने प्रसिद्ध केलेल्या मूल्याशी जुळले पाहिजे. फाइलचा आकार जुळणे पुरेसे नसते. सिस्को आता एसएचए-५१२ पद्धतीचेही मूल्य प्रसिद्ध करते. नव्या इमेजवर अंकीय स्वाक्षरी असते आणि अशा फाइलच्या नावात ‘एसपीए’ ही अक्षरे असतात. त्यातील ‘एस’ स्वाक्षरी, ‘पी’ प्रत्यक्ष वापरासाठीची इमेज आणि ‘ए’ किल्लीची आवृत्ती दर्शवते.

आरंभाज्ञा आणि पुनरारंभ

पुढील टप्प्यात ‘बूट सिस्टम फ्लॅश:’ या आज्ञेने नव्या इमेजचे नाव कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवतात. या आज्ञा लिहिलेल्या क्रमानेच वाचल्या जातात. जुनी ओळ न काढता नवी ओळ जोडल्यास ती यादीत शेवटी जाते आणि राउटर पुन्हा जुन्याच आवृत्तीवर सुरू होतो. म्हणून जुनी ओळ काढून प्रथम नव्या इमेजची आणि तिच्याखाली जुन्या इमेजची ओळ लिहितात. पहिली फाइल सापडली नाही किंवा खराब निघाली, तर राउटर दुसरी वापरतो. मात्र ही सोय केवळ इमेज उघडता न येण्यापुरती आहे. नवी आवृत्ती सुरू झाली आणि नंतर चुकीचे वागू लागली, तर राउटर स्वतःहून जुन्या आवृत्तीकडे वळत नाही.

कॉन्फिगरेशन ‘राइट मेमरी’ किंवा ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ या आज्ञेने साठवल्यानंतर ‘रीलोड’ ही आज्ञा दिली जाते. राउटर पुन्हा सुरू होण्यास मॉडेलनुसार काही मिनिटे लागतात. इंटरफेस सुरू झाल्यानंतरही शेजारी राउटरांशी संबंध प्रस्थापित होऊन मार्ग-सारणी भरेपर्यंत वाहतूक पूर्ववत होत नाही. इंटरनेटची पूर्ण मार्ग-सारणी वाहणाऱ्या राउटरवर हा वेळ अधिक असतो.

तपासणी

राउटर सुरू झाल्यावर ‘शो व्हर्जन’ने आवृत्ती तपासतात आणि आधी घेतलेल्या नोंदींशी मार्गांची संख्या, शेजारी राउटर व इंटरफेस यांची तुलना करतात. प्रक्रियक आणि रॅम यांच्या वापरावर पुढील काही दिवस लक्ष ठेवले जाते, कारण स्मृतीची गळती हळूहळू वाढते व पहिल्या तासात दिसत नाही. या काळात जुनी इमेज फ्लॅशमधून काढत नाहीत.

वाहतूक आधीच वळवणे

पर्यायी मार्ग उपलब्ध असलेल्या जाळ्यात राउटर बंद करण्यापूर्वीच त्यावरील वाहतूक दुसरीकडे वळवता येते. ओएसपीएफ या प्रोटोकॉलमध्ये ‘मॅक्स-मेट्रिक राउटर-एलएसए’ या आज्ञेने राउटर स्वतःमार्गे जाण्याचा खर्च कमाल असल्याचे जाहीर करतो, त्यामुळे शेजारी अन्य मार्ग निवडतात. बीजीपीमध्ये याच हेतूने ६५५३५:० ही खूणचिठ्ठी वापरण्याची पद्धत २०१८ च्या मानकाने निश्चित केली. एचएसआरपी वापरणाऱ्या जोडीत प्रथम राखीव राउटर अद्ययावत करतात, त्याच्याकडे काम सोपवतात आणि मग मुख्य राउटर हाती घेतात. यामुळे पहिल्या राउटरवर नवी आवृत्ती सदोष आढळल्यास दुसरा राउटर जुन्या आवृत्तीवर शिल्लक असतो.

अपयश आणि पुनर्स्थापना

कोणतीही इमेज सुरू होऊ शकली नाही, तर राउटर रॉममॉनच्या सूचकावर थांबतो. फ्लॅशमध्ये जुनी इमेज असल्यास ‘बूट’ आज्ञेसोबत तिचे नाव देऊन ती सुरू करता येते. ती नसल्यास काही मॉडेलांवर ‘टीएफटीपीडीएनएलडी’ या आज्ञेने जाळ्यातून इमेज उतरवता येते. त्यासाठी राउटरचा पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचे नाव ही पाच मूल्ये हाताने भरावी लागतात.

काही मॉडेलांवर शेवटचा उपाय म्हणून कन्सोल पोर्टमधून एक्समोडेम प्रोटोकॉलद्वारे इमेज पाठवता येते. कन्सोलचा नेहमीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट आहे. एका बाइटसाठी १० बिट धरल्यास सेकंदाला ९६० बाइट जातात. या वेगाने १६ मेगाबाइटच्या इमेजला जवळजवळ ५ तास आणि ६४ मेगाबाइटच्या इमेजला १९ तासांहून अधिक वेळ लागतो. वेग १,१५,२०० बिटांपर्यंत वाढवता आला, तर ६४ मेगाबाइटचे काम सुमारे पावणेदोन तासांत होते.

काही नव्या आवृत्त्यांना रॉममॉनचीही नवी आवृत्ती लागते. आयओएस बिघडल्यास रॉममॉन उरते, पण रॉममॉनच लिहिताना वीज गेली, तर राउटर निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून काही मॉडेलांत न बदलता येणारी एक मूळ प्रत राखून ठेवलेली असते.

आयओएस एक्सई आणि आयओएस एक्सआर

एकसंध रचनेच्या मर्यादांवर उपाय म्हणून सिस्कोने दोन नव्या प्रणाली आणल्या. २००४ मध्ये सीआरएस-१ या राउटरसोबत आलेली आयओएस एक्सआर प्रथम क्यूएनएक्स या सूक्ष्मगर्भ प्रणालीवर आधारलेली होती. नंतर ती लिनक्सवर आणण्यात आली. तिच्यात अद्ययावतीकरणाचे ‘इन्स्टॉल ॲड’, ‘इन्स्टॉल ॲक्टिव्हेट’ आणि ‘इन्स्टॉल कमिट’ असे तीन स्वतंत्र टप्पे आहेत. शेवटची आज्ञा दिली जाईपर्यंत बदल कायम होत नाही. त्याआधी राउटर पुन्हा सुरू झाल्यास तो जुन्या आवृत्तीवर परततो. काही दोषांसाठी संपूर्ण प्रणाली न बदलता लहान दुरुस्ती-संच बसवता येतात.

२००८ मध्ये एएसआर १००० मालिकेसोबत आलेल्या आयओएस एक्सईमध्ये लिनक्स हा पाया असून पारंपरिक आयओएस त्यावर एक प्रक्रिया म्हणून चालते. तिच्या नव्या आवृत्त्यांतही ॲड, ॲक्टिव्हेट आणि कमिट हे टप्पे आहेत. ठरावीक वेळेत कमिट न केल्यास राउटर आपोआप जुन्या आवृत्तीवर परततो. पारंपरिक आयओएसमध्ये प्रशासकाला स्वतः जपावी लागणारी परतीची सोय येथे प्रणालीचाच भाग झाली आहे. दोन नियंत्रक असलेल्या काही मॉडेलांत सेवा खंडित न करता अद्ययावतीकरण करता येते.

आयओएस एक्सईच्या १६ व्या आवृत्तीपासून तिच्या टप्प्यांना डेनाली, एव्हरेस्ट, फुजी, जिब्राल्टर, ॲमस्टरडॅम, बेंगळुरू, क्युपर्टिनो, डब्लिन अशी वर्णानुक्रमाने नावे देण्यात आली. बेंगळुरू हे नाव १७.४ ते १७.६ या आवृत्त्यांचे आहे. १७.३, १७.६, १७.९ अशा दर तिसऱ्या आवृत्तीस दीर्घ मुदतीचा आधार मिळतो, त्यामुळे वारंवार बदल करू न शकणाऱ्या संस्था या आवृत्त्या निवडतात.

सुरक्षा

जुलै २००३ मध्ये सिस्कोने एक गंभीर त्रुटी जाहीर केली. आयपीव्ही४ हाताळणाऱ्या राउटरला ५३, ५५, ७७ किंवा १०३ या प्रोटोकॉल क्रमांकांची विशिष्ट पॅकेट पाठवल्यास त्याच्या इंटरफेसची आवक रांग कायमची भरलेली राहत असे व तो इंटरफेस पॅकेट स्वीकारणे थांबवत असे. आयओएस चालवणारी जवळजवळ सर्व उपकरणे यात येत होती. जाहीर घोषणेपूर्वीच मोठ्या इंटरनेट सेवा पुरवठादारांना पूर्वसूचना देण्यात आली आणि त्यांनी आपले राउटर तातडीने अद्ययावत केले. घोषणेनंतर काही दिवसांतच हल्ल्याची आज्ञावली सार्वजनिक झाली.

सप्टेंबर २०१५ मध्ये फायरआय या कंपनीच्या मँडियंट विभागाने ‘सिन्फुल नॉक’ नावाचा प्रकार उघडकीस आणला. यात हल्लेखोरांनी राउटरमधील आयओएसची इमेजच बदललेली होती. असे १४ राउटर युक्रेन, फिलिपाईन्स, मेक्सिको आणि भारत या चार देशांत आढळले. १८४१, २८११ व ३८२५ ही त्यांतील मॉडेले होती. यासाठी आयओएसमधील त्रुटी नव्हे, तर न बदललेले किंवा चोरलेले पासवर्ड वापरले गेले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. फाइलचा आकार वाढू नये म्हणून मूळ प्रणालीतील काही भागांवर हल्लेखोरांनी आपली आज्ञावली लिहिली होती. बदललेली इमेज राउटर पुन्हा सुरू केल्यावरही टिकत असे. या घटनेमुळे इमेजच्या पडताळणीचे महत्त्व अधोरेखित झाले. बाधित प्रणाली स्वतःविषयी खोटी माहिती देऊ शकते, म्हणून संशय असल्यास इमेज बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर तपासणे अधिक विश्वासार्ह मानले जाते.

एसएनएमपी या देखरेख प्रोटोकॉलशी संबंधित सीव्हीई-२०१७-६७४२ ही त्रुटी सिस्कोने जून २०१७ मध्ये जाहीर करून दुरुस्ती उपलब्ध केली. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्या सुरक्षा संस्थांनी संयुक्त निवेदनात सांगितले की, रशियाच्या लष्करी गुप्तहेर यंत्रणेशी जोडल्या जाणाऱ्या एपीटी२८ या गटाने २०२१ मध्ये हीच त्रुटी वापरून सिस्को राउटरांत प्रवेश मिळवला होता. म्हणजे दुरुस्ती प्रसिद्ध होऊन चार वर्षे झाल्यानंतरही ती न बसवलेले राउटर वापरात होते. काही राउटरांत बसवलेल्या ‘जॅग्वार टूथ’ या घातक आज्ञावलीने राउटरची माहिती बाहेर पाठवली जात असे व पासवर्डशिवाय प्रवेशाची वाट खुली होत असे.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी आयओएस एक्सईच्या वेब व्यवस्थापन पृष्ठातील सीव्हीई-२०२३-२०१९८ ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा तिचा वापर आधीच सुरू झालेला होता. जगभरातील हजारो उपकरणे बाधित झाली. पहिली दुरुस्ती २२ ऑक्टोबरला आली. तोपर्यंत वेब सेवा बंद ठेवणे हा उपाय सांगितला गेला. हल्लेखोरांनी बसवलेली आज्ञावली पुनरारंभानंतर टिकत नव्हती, परंतु त्यांनी निर्माण केलेली पूर्णाधिकारी वापरकर्ता खाती टिकत होती. नवी आवृत्ती बसवल्याने प्रवेशाची वाट बंद होते, पण आधी आत आलेल्याने केलेले बदल निघून जात नाहीत. ते कॉन्फिगरेशन तपासूनच काढावे लागतात.

भारतात संगणकीय आपत्कालीन प्रतिसादाचे काम पाहणारी सर्ट-इन ही शासकीय संस्था अशा त्रुटींविषयी सूचना प्रसिद्ध करते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंद बंधनकारक असलेल्या घटनांत राउटरसारख्या जाळे-उपकरणांवरील हल्ल्यांचाही समावेश आहे. अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते.

विलंबाची कारणे

अद्ययावतीकरण लांबण्याची कारणे बहुतांशी व्यवहारातील असतात. एकच राउटर असलेल्या शाखा, लहान संस्था आणि दूरची केंद्रे येथे काही मिनिटांचा खंडही कामकाज थांबवतो. अशा ठिकाणी कन्सोलपर्यंत पोहोचू शकणारा जाणकार माणूस सहसा नसतो. नव्या आवृत्तीत नवे दोष असण्याची शक्यताही खरी असते, त्यामुळे सुरळीत चालणाऱ्या राउटरला हात लावण्याची प्रशासकांची तयारी नसते. वर्षानुवर्षे अखंड चालू राहिलेला राउटर हे विश्वासार्हतेचे लक्षण मानले जाते. परंतु पारंपरिक आयओएसच्या बाबतीत त्याचा अर्थ तेवढ्या काळात एकही सुरक्षा-दुरुस्ती बसवलेली नाही, असाही होतो.

आयओएसच्या इमेज सामान्यतः सेवा-करार असलेल्या ग्राहकांनाच मिळतात. गंभीर सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती करार नसलेल्या ग्राहकांनाही कंपनीच्या तांत्रिक साहाय्य केंद्राकडे मागता येते. करार नसलेले आणि जुन्या बाजारातून घेतलेले राउटर या कारणाने मागे पडतात. अनधिकृत ठिकाणांहून उतरवलेली इमेज वापरणे धोक्याचे असते, कारण तिचे मूल्य कंपनीने प्रसिद्ध केलेल्या मूल्याशी जुळवल्याशिवाय ती बदललेली नाही याची खात्री देता येत नाही.

प्रत्येक मॉडेलचा आधार कंपनी कधी थांबवणार याची तारीख जाहीर केलेली असते. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींसाठी नवी इमेज मिळत नाही. असा राउटर बदलणे शक्य नसल्यास वेब व्यवस्थापन, टेलनेट आणि एसएनएमपी या सेवा बंद ठेवणे किंवा त्या केवळ ठरावीक अंतर्गत पत्त्यांपुरत्या मर्यादित करणे, हे उपाय उरतात. या उपायांनी धोका कमी होतो, परंतु मूळ त्रुटी राउटरमध्ये कायम राहते.